दंतोपचार आणि बालमनातील भीती

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेस जोडून सावेडी येथे पालक, शिक्षक व हितचिंतक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्षिक सभेच्या निमित्ताने दंतविभागाच्या कामाविषयी आपल्याशी बोलावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. विभागाने वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती दात काढले, किती भरले, हा तपशील अहवालातील तक्त्यात दिलेलाच आहे. त्याची उजळणी करून मी आपला वेळ घेणार नाही. ज्या विषयावर मी आज बोलणार आहे, त्याला त्या तक्त्यात रकाना नाही. तो विषय म्हणजे दंतवैद्याकडे आलेल्या लहान मुलाच्या मनातील भीती. ही भीती कोठेतरी तयार होते, आणि बहुतेक वेळा मूल आमच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती तयार झालेली असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कशी तयार होते आणि तयार होऊ नये म्हणून घरी व रुग्णालयात काय करता येईल, एवढेच आज मांडावयाचे आहे.

आपले रुग्णालय सावेडीत असल्याने आमच्याकडे दोन प्रकारची मुले येतात. पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, भिस्तबाग या परिसरातील नोकरदार कुटुंबांतील मुले, आणि राहुरी, नेवासे, पाथर्डी, पारनेर या तालुक्यांतून एसटीने आलेली मुले. पहिल्या गटातील मुलांना चॉकलेट, बिस्किटे आणि रात्री तोंडात गोड दुधाची बाटली घेऊन झोपण्याची सवय नडते. दुसऱ्या गटातील मुलांनाही आता बरेचसे हेच नडते, कारण बिस्किटांचा लहान पुडा वाडीवस्तीवरच्या टपरीतही मिळतो. भीतीच्या बाबतीत मात्र दोघांत मला काहीच फरक दिसलेला नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मूल आईच्या ओढणीत तोंड लपवते आणि वस्तीवरचे मूल आजीच्या पदरात, एवढेच.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. निम्मी मुले म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. तरीही आई-वडील मुलाला वेळेवर आणीत नाहीत, याचे कारण आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले एक वाक्य आहे : दुधाचे दात, ते पडणारच आहेत. हे वाक्य पुढच्या दातांपुरते काहीसे खरे आहे. ते सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाने पुढची सात-आठ वर्षे चावायचे कसे, याचा विचार आपण करीत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास या दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही. त्यामुळे ती कायमची आहे हे पालकांच्या लक्षातच येत नाही आणि दुधाची समजून तिचीही उपेक्षा होते.

या उपेक्षेचा परिणाम असा होतो, की मूल आमच्याकडे प्रथम येते ते रात्रभर दाढ ठणकल्यानंतर, गाल सुजल्यानंतर. घरात कोणी झोपलेले नसते. लवंगेचे तेल लावून झालेले असते, दुकानातून आणलेली गोळी देऊन झालेली असते. मूल उपाशी, वडील रजा टाकून आलेले, आई रडवेली. अशा अवस्थेत त्या मुलाची आणि दंतवैद्याची आयुष्यातली पहिली ओळख होते.

येथे एक शास्त्रीय गोष्ट पालकांना सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. दाढेच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन सूज आली, की तेथील ऊती आम्लधर्मी होतात. भुलीचे औषध अशा ऊतींत नीट काम करीत नाही. म्हणजे जो दात सर्वांत जास्त दुखत असतो, तोच बधिर करणे सर्वांत कठीण असते. त्यातच घाबरलेल्या मुलाचे स्नायू ताठ झालेले असतात, श्वास भरभर चालू असतो, आणि शांत मुलाला जी सुई जेमतेम जाणवली असती ती या मुलाला फार मोठी वाटते. थोडक्यात, उशिरा आणलेल्या मुलाची भीती निराधार नसते. त्याला खरोखरच जास्त दुखते. ते घरी जाऊन धाकट्या भावंडाला सांगते, वर्गात सांगते. आणि पुढच्या खेपेस त्या वर्गातील मूल तक्रार न करता, दुखत असलेला दात लपवून बसते. तेही मग उशिराच येते.

आता घराकडे वळू. जेवत नाही, झोपत नाही, ऐकत नाही अशा मुलाला धाक दाखवण्यासाठी पूर्वी बागुलबुवा होता. बागुलबुवाचे एक बरे होते. तो कधी प्रत्यक्ष भेटत नसे. आता त्याची जागा डॉक्टरांनी घेतली आहे. "दूध पी, नाहीतर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन," हे वाक्य मी आमच्या प्रतीक्षाकक्षातच, माझ्या दारापासून चार हातांवर, अनेकदा ऐकले आहे. सुईचा अनुभव मुलाला लसीकरणाने आधीच दिलेला असतो. ती शिक्षा म्हणूनही देता येते, ही भर आपण घालतो. मग तेच मूल दार उघडून आत येते आणि पांढरा कोट घातलेली व्यक्ती त्याला हसून "ये बाळा" म्हणते. त्याने त्या हास्यावर विश्वास का ठेवावा?

दुसरे वाक्य याहून प्रेमळ आहे आणि म्हणूनच अधिक हानिकारक. ते म्हणजे "काही दुखणार नाही." आई म्हणते, आजी म्हणते, आणि खेदाची गोष्ट अशी, की डॉक्टरही म्हणतात. "काही दुखणार नाही" हे ऐकेपर्यंत ज्या मुलाच्या मनात दुखण्याचा विचारही नव्हता, त्याच्या मनात तो आपण पेरतो. लहान मूल 'नाही' हा शब्द सोडून देते आणि 'दुखणार' हा शब्द पकडते. आणि समजा त्याने विश्वास ठेवला आणि मग थोडे दुखले, तर ते दुखणे पाच मिनिटांत विसरले जाते. फसवले गेल्याचे मात्र ते विसरत नाही. त्या दिवसानंतर आपण खरे सांगितले तरी त्याच्या लेखी ते खोटेच.

आमच्या व्यवसायात आणखी एक लाडके वाक्य आहे : "मुंगी चावल्यासारखे वाटेल." शहरातल्या बंद घरात वाढलेल्या मुलाला ते चालत असेलही. पण वस्तीवर, शेताच्या बांधावर खेळणाऱ्या मुलाला मुंगळा चावणे म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला "मुंगी चावेल" असे सांगणे हे आश्वासन नव्हे, ती धमकी आहे.

मग सांगायचे काय? खरे सांगायचे, पण मुलाला पेलेल एवढेच, आणि त्याच्या जगातल्या शब्दांत. गोड शब्द आणि खोटा शब्द यांत अंतर आहे. भुलीच्या औषधाला "दाताला झोपवायचे औषध" म्हणणे खोटे नाही. औषध नेमके तेच करते. "आधी हिरडीला गोड चवीची जेली लावू. मग थोडे दाबल्यासारखे वाटेल, कदाचित चिमटा काढल्यासारखे. मी पाच आकडे मोजीन, तेवढ्यात ते संपेल," असे सांगितले आणि तसेच घडले, तर मूल पुढच्या वाक्यावरही विश्वास ठेवते. मात्र जेलीला काम करण्यास एक-दोन मिनिटे द्यावी लागतात, हिरडी आधी कोरडी करावी लागते आणि सुईतील औषध अगदी सावकाश सोडावे लागते. बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असताना ही दोन मिनिटे सर्वांत आधी वाचवली जातात आणि तेथेच सारे बिघडते.

लहान मुलांवर दंतोपचार करताना जगभर वापरली जाणारी पद्धत फार साधी आहे. हॅरॉल्ड अ‍ॅडलस्टन या अमेरिकन दंतवैद्याने १९५९ मध्ये ती मांडली. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, एवढेच तिचे सूत्र. पाण्याची पिचकारी आधी मुलाच्या तळहातावर उडवायची, मग दातावर. थुंकी ओढणारी नळी पेल्यातले पाणी कशी पिते ते दाखवायचे, मग ती तोंडात ठेवायची. दात घासून स्वच्छ करणारा मऊ ब्रश आधी अंगठ्याच्या नखावर फिरवायचा. आरसा मुलाच्या हातात द्यायचा आणि त्याला आपलेच दात मोजू द्यायचे. वाचताना ही पोरखेळाची यादी वाटेल. पण यातील प्रत्येक कृतीत मुलाला एकच गोष्ट कळते, ती ही, की येथे न सांगता काही होत नाही. त्याच्या जोडीला मी एक करार करते. तू डावा हात वर केलास, की मी थांबणार. पहिल्या दोन वेळा मूल हात वर करते ते केवळ मी खरेच थांबते की नाही हे पाहण्यासाठी. थांबावेच लागते. तिसऱ्यांदा बहुधा तो हात वर होत नाही.

हे सारे पाश्चात्त्य मानसशास्त्र आपल्याकडे कसे चालेल, अशी शंका काही जण घेतात. त्यांना मी ताराबाई मोडक यांचे स्मरण करून देते. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ पासून अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे व नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आजचा अंगणवाडी हा शब्द तेथून आला. पाने, बिया, शंख, खडे, म्हणजे मुलाला आधीच माहीत असलेल्या वस्तू हातात देऊन त्याला अनोळखी गोष्टीकडे न्यायचे, हे त्यांचे तत्त्व होते. आम्ही पिचकारी तळहातावर उडवतो तेव्हा वेगळे काही करीत नसतो. लवंगेचेच पाहा. दात भरताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधात लवंगेच्या तेलातील द्रव्य असते आणि दवाखान्याचा तो विशिष्ट वास बराचसा त्याचाच असतो. मुलाला तो वास परका आणि भीतिदायक वाटतो. "हा वास तुझ्या आजीच्या मसाल्याच्या डब्यात आहे," असे सांगून खरी लवंग त्याच्या हातावर ठेवली, की ते हुंगते आणि बहुधा हसते.

याच संदर्भात आमच्या विभागातील मावशींचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे. अहवालात डॉक्टरांची नावे छापली जातात, मावशींची छापली जात नाहीत. पण पाथर्डीकडून आलेल्या मुलाशी त्याच्या बोलीत, त्याच्या गावच्या जत्रेविषयी, शेळीच्या करडाविषयी बोलून त्याला दारातून खुर्चीपर्यंत आणण्याचे काम त्याच करतात. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन जे काम उभे केले, ते जगभर अभ्यासले गेले. बाहेरून आलेल्या पदवीधराचे जे ऐकले जात नाही, ते शेजारच्या बाईचे ऐकले जाते, हा त्या कामाचा गाभा होता. आमच्या मावशींना 'सांगा, दाखवा, करा' हे पद्धतशीर शिकवावे, त्यासाठी त्यांना वेळ आणि थोडे अधिक मानधन द्यावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

मूल इतरांकडे पाहून शिकते, हेही ध्यानात घ्यावे. बार्बरा मेलामेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत असे दाखवून दिले होते, की दुसरे मूल शांतपणे उपचार करून घेत असल्याची फिल्म आधी पाहिलेली मुले खुर्चीत कमी आकांत करतात. आम्हाला फिल्मचीही गरज नाही. मोठी बहीण दात तपासून घेत असताना धाकट्याला बाजूच्या स्टुलावर बसवले, की निम्मे काम होते. पण हीच गोष्ट उलटही घडते. आत एक मूल किंचाळत असेल आणि बाहेर बाकावर पाच मुले ते ऐकत असतील, तर त्या पाचांना आपण काय दाखवीत असतो? म्हणून लहान मुलांची तपासणी आणि मोठ्यांचे दात काढणे एकाच वेळी, एकाच खोलीत असू नये. लहान मुले सकाळी, झोप पूर्ण झालेली आणि थोडे खाल्लेले असताना आणावीत. दुपारी पेंगुळलेले चार वर्षांचे मूल जगातील कोणत्याही दंतवैद्याला दाद देणार नाही.

आता एका अप्रिय विषयाकडे येते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरायचा आणि ते गप्प झाले की हात काढायचा, अशी एक पद्धत एके काळी पाठ्यपुस्तकांत शिकवली जात असे. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६ मध्ये ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून ती गेली असेल, पण दोघांनी हात, एकाने पाय आणि वडिलांनी डोके धरून दात उपटणे अजून पुरते गेलेले नाही. आणि हे करताना वडील मुलाला वर म्हणतात, "मुलगा असून रडतोस?" मुलाने रडू नये, हा आग्रह मला समजत नाही. रडत रडत तोंड उघडे ठेवणारे मूल हे शूर मूल आहे. आम्ही मुलाच्या वर्तनाची नोंद ठेवतो ती फ्रँकल यांच्या १९६२ च्या चार पायऱ्यांच्या मोजपट्टीने, पूर्ण विरोधापासून पूर्ण सहकार्यापर्यंत. त्या मोजपट्टीत मी अश्रू मोजत नाही, सहकार्य मोजते.

याचा अर्थ मुलाला कधीच धरू नये असा नाही. गाल डोळ्यापर्यंत सुजला आहे, ताप आहे, गिळता येत नाही, अशा मुलाला "ओळख होऊ दे, पुढच्या आठवड्यात पाहू" म्हणता येत नाही. त्याच दिवशी पू काढावा लागतो, प्रसंगी दाखल करावे लागते. तीन वर्षांखालील मुलाला तपासतानाही आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मुलाचे डोके डॉक्टरच्या मांडीवर आणि हात आईच्या हातात असतात. मूल रडते, पण आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, आणि रडल्यामुळे तोंड आपोआप उघडते, ही आमची सोय! प्रश्न धरण्याचा नाही. आईला विचारून, मुलाला सांगून, गरजेपुरते धरले की घाईपोटी धरले, हा आहे. काही मुलांना हे सारे करूनही उपचार सोसवत नाहीत. फार लहान, स्वमग्न किंवा मतिमंद मुलांचा त्यांत समावेश असतो. त्यांच्यासाठी नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण हुंगवून मन शांत करणे किंवा संपूर्ण भूल देणे हे मार्ग आहेत. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये या वायूच्या अमलाखाली स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती. आज ही सोय सर्वत्र नाही. आपल्या भागात अशा मुलांसाठी लोणीच्या दंत महाविद्यालयातील बालदंतरोग विभागासारख्या ठिकाणाचा आधार घ्यावा लागतो.

आतापर्यंत मी जे सांगितले ते वारंवार येऊ शकणाऱ्या मुलाला लागू पडते. पहिल्या भेटीत केवळ दात मोजायचे, दुसऱ्या भेटीत स्वच्छता, तिसऱ्या भेटीत उपचार. सावेडीतील मुलाला हे जमते. पण पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुरांच्या मुलाचे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास ते आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. ज्या साखरेच्या धंद्यावर आपला जिल्हा उभा राहिला, तिच्यासाठी राबणाऱ्यांच्या मुलांना दात दाखवायला सवड नसते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. असे सहा वर्षांचे मूल फडावर जाण्याच्या आदल्या आठवड्यात येते. त्याच्या चार दाढा किडलेल्या असतात. त्याची ओळख व्हायला तीन भेटी कोठून आणायच्या?

यावर गेल्या काही दशकांत जे उपाय पुढे आले, त्यांचे मला फार महत्त्व वाटते. कारण त्यांनी भीती समजावून दूर करण्याऐवजी भीतीचे कारणच कमी केले. १९८०च्या दशकाच्या मध्यास टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांत, यंत्राशिवाय केवळ हाताच्या उपकरणांनी मऊ कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली. ड्रिलचा आवाज नाही, बहुधा सुईही नाही. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी किडलेल्या दुधाच्या दाढेवर न कोरता, न बधिर करता स्टीलची टोपी बसवण्याची रीत वापरली आणि २००६-०७ च्या सुमारास तिच्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर ती सर्वत्र पोहोचली. आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड हे औषध. किडलेल्या जागी थेंबभर लावले की पुष्कळ दातांत कीड तेथेच थोपते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्याचा एक दोष आहे, किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, आणि तो पालकांना आधी सांगून त्यांची संमती घेतलीच पाहिजे. समोरच्या दातांवर आई बहुधा नको म्हणते; मागच्या दाढांवर हो म्हणते. पू झालेल्या दाताला हे उपाय चालत नाहीत, हेही स्पष्ट करते. पण फडावर निघालेल्या मुलाच्या चार दाढा एकाच सकाळी, सुईशिवाय थोपवता येतात, आणि परतल्यावर ते मूल आपण होऊन आत येते.

आता विश्वस्त मंडळाला उद्देशून थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी घेते. धर्मादाय रुग्णालयाला देणगीदारांसमोर आकडे ठेवावे लागतात, हे मी जाणते. शिबिरात एका दिवसात दोनशे मुले तपासली, शंभर दात काढले, हे वाक्य अहवालात शोभून दिसते. एका मुलाशी अर्धा तास बोलून, त्याला पिचकारी खेळू देऊन, काहीही न करता घरी पाठवले, हे वाक्य शोभत नाही. ते वेळेचा अपव्यय वाटते. पण शिबिरात रांगेत उभे करून काढलेल्या शंभर दातांपैकी किती मुले पुन्हा कोणत्याही दंतवैद्याकडे स्वतःहून गेली, हे आपण विचारीत नाही. शाळांतील तपासणीची गरज मी नाकारीत नाही. २०१३ मध्ये याच राज्यात, पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीड समाविष्ट आहे, आणि तेथून पाठवलेली मुले आपल्याकडेही येतात. माझे म्हणणे एवढेच, की शिबिरात तपासावे, दात मोजावेत, घासायला शिकवावे. दात काढणे शिबिरात नको. आठवड्यातील दोन सकाळी केवळ मुलांसाठी राखून ठेवाव्यात. आणि पुढील वर्षीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : दुखणे सुरू होण्यापूर्वी प्रथम आलेली मुले, आणि दुसऱ्या भेटीला परत आलेली मुले. या दोन सकाळींत उत्पन्न घटेल, याची मला कल्पना आहे. ती तूट किती असेल याचा अंदाज मी लेखी दिला आहे.

पालकांनी बोलताबोलता काही चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्यांतील तिघांना येथेच उत्तर देते.

एका मातेने विचारले आहे, उपचाराच्या वेळी आईने आत थांबावे की बाहेर? तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाबरोबर अवश्य थांबावे. त्याहून मोठ्या मुलाला विचारावे आणि त्याचे ऐकावे. मात्र आत असताना आईने बोलू नये. एकाच वेळी आई, बाबा, मावशी आणि डॉक्टर अशा चार आवाजांत मुलाने कोणाचे ऐकायचे? आईचा हात मुलाच्या पायावर असला, तरी त्याला पुरते.

दुसरी चिठ्ठी अशी, की रडला नाहीस तर सायकल घेऊन देईन असे सांगितले तर चालेल का? आधी सांगू नये. एरवी मागूनही न मिळणारी सायकल आज मिळणार, म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे, हे मूल बरोबर ओळखते. उपचार झाल्यावर छोटेसे काही द्यावे, आणि ते "रडला नाहीस" म्हणून नव्हे, "तोंड उघडे ठेवलेस" म्हणून द्यावे. चॉकलेट देऊ नये, हे मी सांगायला नको.

तिसऱ्या चिठ्ठीत एका वडिलांनी लिहिले आहे, की दात भरून घरी गेल्यावर मुलीचा ओठ सुजला, औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल का? पाहिल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही, तेव्हा उद्या सकाळी तिला घेऊन यावे. पण पुष्कळदा कारण वेगळे असते. भुलीमुळे ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मूल गंमत म्हणून तो चावत बसते. तेवढा वेळ मुलावर लक्ष ठेवावे, गरम पदार्थ व चावून खाण्याचे काही देऊ नये. आणि येताना तिला एवढेच सांगावे, की डॉक्टर तुझा ओठ बघणार आहेत.